यादीत मयत, बूथवर हजर

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसा. खुर्च्या आहेत. रमझानात आपल्याला हा हॉल सकाळचे दोन तास मिळालाय तो आपल्या प्लांटवरच्या ओमानी सालेमभाईंमुळे. ते इथं पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना मराठी कळत नाही, तरी आलेत. शुक्रान, सालेमभाई.

मी अशोक राणे. गाव कुडाळ. काम इलेक्ट्रिशियनचं. आणि नऊ वर्षं मारुती गावडे यांचा, म्हणजे आपल्या अण्णांचा, रूम पार्टनर. भाषण मी कधी केलेलं नाही. आमच्या खोलीत बोलायचं खातं अण्णांकडे होतं, ऐकायचं माझ्याकडे. आज ते उलटं झालंय आणि मला जमेल असं वाटत नाही.

इथं टेबलावर हा फोन ठेवलाय. पलीकडे सुशीलावहिनी आहेत. वहिनी, ऐकू येतंय ना? येतंय म्हणतायत. परवा वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, हे वर्षातनं एक महिना घरी यायचे. बाकीचे अकरा महिने तिथं करायचे तरी काय?" मी म्हटलं, स्टोअर सांभाळायचे. त्या म्हणाल्या, ते ठाऊक आहे, त्याशिवाय काय ते सांगा.

वहिनी, त्याशिवाय ते निवडणूक लढवायचे. इथनं. ओमानच्या सोहारमधनं.

आता हसू आलं तर हसा. अण्णांच्या बाबतीत न हसता बोलणं मला शक्य नाही, आणि हसल्याशिवाय हे सगळं माझ्या गळ्यातनं बाहेर येणार नाही.

जे त्यांना फारसे ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. अण्णांचं गाव बेळगाव जिल्ह्यातलं, गोव्याच्या हद्दीलगतचं. बोलणं मराठी, जेवण मराठी, शिव्या तर अस्सल मराठी. पण राज्य कर्नाटक. त्यामुळे आपल्या मंडळात त्यांची पंचाईत व्हायची. चौदा साली महाराष्ट्राची विधानसभा लागली तेव्हा आपण सगळे मुंबईकडे डोळे लावून बसलो होतो. अण्णा शांतपणे चहा पीत म्हणाले, "चालू दे तुमचं. आमची झालीय गेल्या वर्षी." कुणीतरी विचारलं, तुमचा मुख्यमंत्री कोण? अण्णांनी नाव सांगितलं, आणि मग सगळं मंत्रिमंडळ सांगितलं, खात्यांसकट. पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्यांना दोन निवडणुकांची गल्लत अजिबात खपायची नाही. मी एकदा म्हणालो, लोकसभेला ज्याला दिलं त्यालाच लोक विधानसभेला देणार. अण्णांनी मला हाताला धरून स्टोअरमध्ये नेलं. दोन रॅक दाखवले. म्हणाले, ह्या रॅकला नटबोल्ट, त्या रॅकला केबल. माणूस तोच येतो, खरं मागतो वेगळं. तसं मतदार. दिल्लीला वेगळं मागतो, बेंगळुरूला वेगळं. "खरं" म्हणजे त्यांच्याकडे "पण". हे समजायला मला दीड वर्ष लागलं. तोवर मला वाटायचं, हा माणूस किती खरं बोलतो.

मतमोजणीचा दिवस म्हणजे कॅम्पमध्ये सण. तिकडे आठला मोजणी सुरू झाली की इकडे साडेसहा वाजलेले असायचे. शिफ्ट सातची. त्या अर्ध्या तासात मेसमध्ये अण्णांचा पांढरा बोर्ड उभा राहायचा. त्यावर त्यांच्या मतदारसंघातले सगळे उमेदवार, अपक्षांसकट. कपबशी, शिट्टी, शिलाई मशीन, सगळी चिन्हं स्वतः काढलेली. केरळचे, बिहारचे, सगळे कामगार पराठा खाताखाता त्या बोर्डाकडे बघायचे. ज्या गावाशी त्यांचा आयुष्यात संबंध येणार नाही, तिथली शिट्टी पुढे आहे की कपबशी, याची त्यांना काळजी लागायची.

आणि आता मूळ मुद्दा. वहिनी, रागावू नका. अण्णा ज्याला निवडून येणार म्हणायचे, तो पडायचा.

एकदा नाही, दरवेळी. ग्रामपंचायत असो, विधानसभा असो, लोकसभा असो. इतका अभ्यास असलेला माणूस, सगळ्यांच्या जाती, पोटजाती, कोणाची सासुरवाडी कुठल्या गावात, सगळं पाठ. आणि अंदाज चुकायचा म्हणजे चुकायचाच. ही कीर्ती समुद्र ओलांडून गावात पोचली होती. इथंही पसरली होती. पंधरा साली इथल्या शूरा कौन्सिलची निवडणूक आली. सालेमभाईंचे मामा उभे होते. सालेमभाई आपल्या खाबुऱ्या गावच्या बागेतल्या खजुराचा खोका घेऊन आमच्या खोलीवर आले आणि अण्णांना म्हणाले, मारुती, मामाबद्दल तू काही बोलू नकोस, चांगलंही नको, यल्ला, चल, खजूर खा. अण्णा चार दिवस गप्प राहिले. मी त्यांना तेवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं. मामा निवडून आले. सालेमभाई, मामांचंच सांगतोय.

या सगळ्यातनं एक वाईट गोष्ट मात्र झाली होती, ती सांगायला हवी. अण्णांना एक चुलतभाऊ आहे, नरसू. एकाच घरात वाढलेले, एका ताटात जेवलेले. तेरा सालच्या विधानसभेला नरसू अपक्ष उभा राहिला. चिन्ह शिलाई मशीन. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी बोर्डावर शिलाई मशीन सगळ्यात वर काढलं, पायडलसकट. आणि त्याच दिवशी नरसूचा फोन आला. हात जोडून सांगतो म्हणाला, दादा, मला पाठिंबा देऊ नको. समोरच्याला दे.

अण्णांनी फोन ठेवला. मग उठले, शिलाई मशीन पुसलं, समोरच्या उमेदवाराचं नाव वर लिहिलं आणि खाली सही केली. त्यांची स्टोअरची सही, लफ्फेदार.

तो समोरचा निवडून आला. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांचा अंदाज बरोबर आला. नरसूचं डिपॉझिट गेलं.

नरसूनं असं धरलं की अण्णांनी त्याला मनापासून पाडलं. पाच वर्षं बोलला नाही. अण्णा सुट्टीवर जायचे, समोरासमोर दारं, आणि हा दार लावून घ्यायचा. अण्णा इथं परत आले की मी विचारायचो, नरसू भेटला? ते म्हणायचे, दिसला. एवढंच. मग बॅगेतनं कुंदा काढून वाटायचे. एक पुडा त्यांनी नरसूसाठी घेतलेला असायचा. तोही आम्हीच खायचो. मला तो कधी गोड लागला नाही.

आता अठरा सालची विधानसभा. अण्णांनी परदेशात राहणाऱ्या मतदाराचा फॉर्म रीतसर भरला होता. रजा टाकली. मस्कतहून गोव्याचं विमान, तिथनं घाट चढून गाव. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बूथवर हजर. बूथ म्हणजे ते दोघं भाऊ शिकले ती शाळा.

बूथवरच्या साहेबांनी पासपोर्ट पाहिला, यादी पाहिली, परत पासपोर्ट पाहिला. मग कानडीत, अगदी अदबीनं सांगितलं की यादीत तुमच्या नावापुढे मयत असा शेरा आहे.

वहिनी, तुम्ही बाहेर बायकांच्या रांगेत होता. आत काय झालं ते अण्णांनी मला निदान चाळीस वेळा सांगितलंय. त्यांच्या तोंडून पहिला शब्द गेला तो "खलास?" इतकी वर्षं आखातात काढल्यावर दुसरा शब्द येणार कुठून? साहेबांना वाटलं, माणूस कबूल करतोय.

मग अण्णांमधला स्टोअरकीपर जागा झाला. त्यांनी विचारलं, एंट्री कधी झाली? कुणी केली? सही कुणाची? साहेब म्हणाले, त्याच नावाचे एक वयस्कर गृहस्थ वारलेत, बहुतेक ओळ चुकली. अण्णा म्हणाले, पासपोर्ट आहे की माझा. साहेब म्हणाले, पासपोर्ट मेलेल्या माणसाचाही असतो. मेलेला माणूस असा शर्टाला इस्त्री करून येतो का, असं अण्णांना विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही. पुढे साहेब म्हणाले की अंगठा घेऊन, लिहून घेऊन मत देता येईल, पण आधी इथं बसलेल्या कुणी ओळख पटवली तर बरं. आणि त्यांनी उमेदवारांच्या एजंटांकडे पाहिलं.

तीन एजंट. दोघं परगावचे. तिसरा नरसू.

अण्णा मला सांगायचे, अशोक, त्या वर्गात मला सातवीच्या निकालालाही एवढी भीती वाटली नव्हती. नरसू खाली बघत होता. बाहेर रांग वाढत होती. त्यानं नुसतं "माहीत नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. गावात मारुती गावडे तिघं होते.

नरसू उठून उभा राहिला. म्हणाला, "ह्यो माझा भाऊ हाय. जित्ता हाय. मेलेल्यावर कोण पाच वर्षं राग धरतंय साहेब?"

अण्णांनी अंगठा दिला, मत दिलं. बाहेर येऊन शाळेच्या पायरीवर बसले. दुपारी जेवायच्या सुट्टीत नरसू शेजारी येऊन बसला. कुणाला मत दिलंस हे त्यानं विचारलं नाही. त्यानं तेरा सालचं विचारलं. दादा, खरं सांग, तवा तू त्या समोरच्याला मनापासनं पाठिंबा दिलतास? अण्णा म्हणाले, नाही गा. वरवर त्याला दिला. मनातनं तुलाच.

नरसूनं कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाला, "म्हणूनच पडलो की गा मी."

आणि मग दोघं इतके हसले म्हणे, की बंदोबस्ताचा पोलीस बघायला आला.

वहिनी, त्या वर्षी ते सुट्टीवरून परत आले तेव्हा बॅगेत कुंद्याचा एकही पुडा शिल्लक नव्हता. मी विचारलं, आमचा कुठाय? म्हणाले, नरसूनं मागचे पाच वसूल केले.

आता या वर्षीचं. लोकसभेला त्यांना जायचं होतं. तिकीट बघून ठेवलं होतं. नेमका प्लांटचा दुरुस्तीचा शटडाऊन आला आणि कुणालाच रजा नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी ते स्टोअरमध्ये गेले, पाइपवर खुणा करायचा जांभळा मार्कर घेतला आणि आपल्या डाव्या हाताच्या बोटाला रेघ ओढली. दिवसभर तसेच हिंडले. मी म्हटलं, अण्णा, हे खोटं आहे. म्हणाले, शाई खोटी आहे, जायचं होतं ते खोटं नाही. सालेमभाईंनी विचारलं बोटाला काय झालं, तर म्हणाले, इंडियात इलेक्शन आहे. सालेमभाईंनी घाबरून विचारलं, कुणाचं नाव घेतलंस का?

नाव घेतलं होतं. या वेळी कोण येणार ते त्यांनी मला सांगितलंय. आज सकाळपासून मला सहा जणांनी बाजूला घेऊन विचारलं. कशासाठी विचारताय ते मला कळतं. मी सांगणार नाही. निकाल यायचाय, येईल. अण्णांना तो बघायला मिळाला नाही. दुपारी जेवून आडवे झाले, छातीत दुखतंय म्हणाले, गाडी येईपर्यंत माझा हात धरून होते. बोटावरची रेघ तोवर फिकी झाली होती. गाडी आली तेव्हा त्यांनी प्राण सोडला होता. माझ्या हातातच.

त्यांना घरी मी घेऊन गेलो. सालेमभाईंनी चार दिवसांत सगळे कागद केले, स्वतः मस्कतला येऊन उभे राहिले. गोव्याला सकाळी उतरलो. बाहेर नरसू टेम्पो घेऊन उभा होता. आपल्या माणसाला आपल्या गाडीतनंच न्यायचं म्हणाला. पण गाडी प्रचाराची. वर कर्णा, दोन्ही अंगांना उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. नरसूनं घरनं चादरी आणल्या होत्या. त्या फोटोंवर बांधल्या, आणि आम्ही निघालो.

अनमोडचा घाट चढताना वाऱ्यानं एक चादर सुटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. घाटावरच्या एका वाडीत दहा-बारा बायका कळश्या घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला, कर्णा पाहिला, आणि रस्ता अडवला. त्यांना वाटलं, मतं घेऊन गेलेला माणूस सापडला. एक म्हातारी पुढे येऊन बॉनेटवर हात आपटायला लागली. नळ कुठाय, दोन निवडणुका झाल्या, खाली उतर आधी.

नरसू उतरला. त्यानं हात जोडले. मग म्हणाला, "आज्जे, साहेब नाहीत आत. माझा भाऊ हाय. ओमानला होता. घरी नेतोय."

म्हातारीनं मागं जाऊन पेटी पाहिली. कुठल्या गावचा विचारलं. किती वर्षं तिकडं होता विचारलं. अठरा, मी म्हटलं. तिनं पदर डोक्यावर घेतला. बाकीच्या बायकांनी एकेक करून कळश्या उचलल्या आणि रस्त्याच्या कडेला झाल्या. टेम्पो पुढे सरकला तेव्हा ती मला म्हणाली, "लेकरा, एवढ्या लांबनं आलाय. हळू न्या."

आम्ही हळू नेलं, वहिनी. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. फोन चालूच ठेवतोय. आपली शांतता तिकडे घरी ऐकू जाऊ दे.

अण्णा, राम राम.