सतरा नंबरचा आरसा

नाही, मला सांगा, अंगठ्याएवढ्या आरशासाठी कोणी अख्खं विमान थांबवतं का? थांबवतं! मीच थांबवलं! आणि त्या विमानात कोण बसलं होतं? माझे सासरे! दोन महिने आमच्याकडे राहून, शेवटी, एकदाचे परत निघालेले सासरे... बावीस नंबरच्या रांगेत, खिडकीपाशी, पट्टासुद्धा बांधून!

तुम्हाला सांगतो, विमानाची दुरुस्ती म्हणजे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर असं वाटतं ना तुम्हाला? छे! निम्मं काम सह्यांचं. बोल्ट आवळला, सही. तेल घातलं, सही. दुसऱ्याने आवळलेला बोल्ट नुसता बघितला, तरी सही! उडवतो पायलट, मिरवतो पायलट, आणि उद्या कुठे खुट्ट झालं की काढा कागद... सही कोणाची? माझी!

आमच्या हँगरच्या भिंतीवर एक भलामोठा फळा आहे. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, पान्याच्या जागी पान्याची, पकडीच्या जागी पकडीची. हत्यार उचललं की खालची काळी आकृती उघडी पडते. काम संपलं की सगळं जागच्या जागी लावायचं, रजिस्टरमध्ये सही ठोकायची, मग घर. एक जरी आकृती उघडी राहिली तरी विमान हलवायचं नाही. कारण ती वस्तू आतच राहिली असली तर? वर गेल्यावर कुठल्या तारेत अडकली तर? दीडशे माणसं असतात हो आत, चेष्टा आहे का!

तर काल सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच आमचा स्टोअरवाला आला. हा माणूस इतका सावकाश बोलतो की आग लागली तर ती विझल्यावर सांगेल. "अहो... ते... सतरा नंबर... फळ्यावर... दिसत नाहीये..."

सतरा नंबर म्हणजे आरसा. एवढुस्सा, गोल, त्याला सळईची दांडी, ओढली की हातभर लांब होते. जिथे आपलं डोकं जात नाही तिथे तो घालायचा आणि बघायचं. परवा दुपारी कोणी घेतला होता? मी! कुठल्या विमानात घातला होता? त्याच! आणि ते विमान कुठे होतं? प्रवासी भरून, दारं लावायच्या बेतात!

गप्प बसता आलं असतं हो. स्टोअरवाल्याला अजून दोन शब्द बोलायला पाच मिनिटं लागली असती, तेवढ्यात विमान गेलंही असतं... आणि सासरेही! पण नाही. घाबरलो मी, सरळ सांगतो. फोन उचलला आणि म्हटलं, थांबवा.

साहेब धावत आले. "अहो, नीट आठवा! खिशात असेल! घरी नेला असेल!" मी म्हटलं, साहेब, वीस वर्षं झाली नोकरीला, हत्यार घरी नेणारा माणूस वाटलो मी तुम्हाला? साहेबांनी रजिस्टर उघडलं. परवा संध्याकाळ. 'सर्व हत्यारे जागेवर.' खाली सही कोणाची? माझी!

आता काय सांगू? पन्नास हत्यारं, रोजचा फळा, हात आपोआप चालतो. त्यात बायकोचा फोन, "लवकर या, बाबांची बॅग भरायचीय." बाबांची बॅग! अहो, मी उडतच गेलो घरी! फळ्याकडे बघतोय कोण? आणि गंमत बघा, त्याच फळ्याशेजारी मोठी पाटी आहे, 'घाई, सवय आणि गृहीत धरणे हे आपले शत्रू.' ती पाटी ठोकली कोणी? मी!

तेवढ्यात मोबाइल वाजला. सासरे. रिटायर्ड हेडमास्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. "जावईबापू, विमान का सुटत नाही? तुमच्यातला कोणी गाढव काहीतरी विसरलाय म्हणतात इथे!"

"हो बाबा," म्हटलं, "असतात एकेक."

मग प्रवासी उतरवले. मी परवा ज्या ज्या ठिकाणी हात घातला होता ती सगळी झाकणं पुन्हा उघडली. पाच तास! मी पालथा पडून, उताणा पडून, एका भोकात कानापर्यंत हात घालून... आणि आत बघायला जो आरसा हवा, तोच शोधतोय! मिळाला? नाव नको! शेवटी विमान रद्द. दुसऱ्या विमानात जागा कधी? आठ दिवसांनी!

तोंड पाडून विमानतळाच्या हॉलमध्ये गेलो, म्हटलं निदान सासऱ्यांना घरी तरी नेऊ. बघतो तर त्यांच्याभोवती चार माणसं जमलेली. सासरे 'आ' वासून बसलेत. आणि तोंडात काय? हातभर दांडीचा आरसा! हे त्यांच्या उजव्या दाढेचं दुखणं, दोन महिने आमचं अख्खं घर बॅटरी लावून बघतंय, आणि आता परक्या माणसांना चालू!

"बाबा! हा कुठून आला?"

"तुमच्या कामाच्या पँटच्या खिशातून. कपडे धुवायला टाकताना खिसे तपासावेत माणसाने. मी तपासले म्हणून बरं!" आणि मग जरा आवाज उतरवून म्हणतात, "माझ्या दाढेसाठीच आणलात ना? म्हटलं, जावई बोलत नाही, पण लक्ष आहे त्याचं. त्यावर नंबरही घालून आणलात!"

आता बोला! सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मग रजिस्टरवर सही कशी केलीत?"

साहेब दोन महिने ओरडले असते तरी एवढं लागलं नसतं, खरं सांगतो.

आज सकाळी आरसा फळ्यावर गेला. मी बोट लावून पन्नासच्या पन्नास हत्यारं मोजली, दोनदा! आणि सासरे? तेही आपल्या जागेवर, आमच्या सोफ्यावर, अजून आठ दिवस. आता आरसा नाही ना, म्हणून मी घरात पाऊल टाकलं की 'आ' करून समोर उभे. बघतो बापडा. नीट बघतो, दोन्ही बाजूंनी. आणि आत्ता दुपारी जेवून निघताना काय म्हणाले माहितीये? "डॉक्टरला दाखवायचंय, दाढेत काय दिसलं ते कागदावर लिहून द्या जावईबापू... आणि खाली सही करा."