कॅज्युअल्टीतला पडदा

नवऱ्याला, रज्जाकला, एक्स-रेला नेलं होतं, म्हणून खैरुन्निसा कॅज्युअल्टीतल्या बाकावर बसली होती. शेजारच्या पडद्याआड करावे गावचा कान्हा पाय मोडून पडला होता आणि रक्ततपासणीच्या सिस्टर त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. पण पडदा तो, किती अडवणार?

"कान्हा, तुमच्या रक्तात एचआयव्ही सापडलाय."

"आमी पाय मोडला म्हनून आलो, सिस्टर."

"इथं येणाऱ्या सगळ्यांचंच रक्त विचारून तपासतो. आता बायकोचंही तपासायला हवं."

"तिला नका सांगू. जाईल ती माहेरी."

"तुम्हीच सांगा. मी थांबते इथं."

तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन त्याची बायको आत गेली. खैरुन्निसानं मान खाली घातली, पण कान काही मिटता येत नाहीत.

"सुचिता, बस जरा. माजे रगतान तो एड्सचा रोग निगालाय. तुजाबी तपासायचा हाय."

"माजा तपासलाय."

"कवा?"

"पोर पोटान व्हता तवा. तवाच समजला मना."

"आनि बोलली नाय?"

"बोलले असते तं तुमचे आयशीनं मना घरान ठेवला असता?"

"मंग आपला पोर... तो तापानं गेला ना?"

"तापच व्हता त्याला. उतरतच नव्हता."

मग कान्हा हुंदके देऊ लागला.

एवढ्यात रज्जाकला स्ट्रेचरवरून ढकलत आणलं.

"अगं, रडतेस कशाला? हाड नाय मोडलं माझं."

"बरं झालं," खैरुन्निसा म्हणाली, आणि डोळे पुसत राहिली.