तुतीला गुण नाहीत

— नाही हो, तिथे नका बसू, त्या खुर्चीचा पाय गेलाय. पण टाकायची नाही — टाकली की कचरा होतो आणि कचरा झाला की आपले गुण जातात. इथे सोफ्यावर बसा. साहेब मोकळे झाले की बोलावतीलच. तुम्ही ते पर्यावरण पुरस्कारवाले ना? वाटलंच मला, कापडी पिशवी बघूनच ओळखलं. मी इथली रिसेप्शनिस्ट. म्हणजे फोन मीच, टपाल मीच, आणि आता हरित समितीची सचिवसुद्धा मीच — ‘बाई, तुम्ही दारातच असता, तुम्हाला सोयीचं पडेल,’ साहेब म्हणाले. दारात बसणाऱ्याला सगळंच सोयीचं पडतं. काय काय दाखवायचं ते मला पढवून ठेवलंय, तेव्हा बघून घ्या. ही भिंत. आधी पांढरी होती, आता हिरवी आहे, म्हणजे आपण हिरवे झालो. त्यावरचं ते झाड कॉलेजच्या मुलींनी रंगवलं — सुरेखच आहे की, पानं गळत नाहीत, पक्षी घाण करत नाहीत, पाणी घालायला नको. रंग पर्यावरणपूरक होता म्हणे. त्या पूरक वासानं मी दोन दिवस डोकं बांधून फोन घेत होते, ते सोडा. मग हे फलक — ‘कागद वाचवा’. प्रत्येक टेबलावर एक, रंगीत छापून, वर प्लॅस्टिक चढवून. आणि सोमवारी सगळ्यांनी बसनं यायचं. साहेबही येतात, हो तर! गाडी कोपऱ्यावर सोडतात आणि तिथून टोपी घालून चालत येतात. फोटो आहे, दाखवते नंतर.

हसा, हसा. मी पगार घेते म्हणून हसत नाही एवढंच. — अहो, तो ग्लास हातात का धरून बसलाय, ठेवा ना टेबलावर. डाग पडला तर पडू दे, त्या लाकडाला डाग नवे नाहीत… म्हणजे, काही नाही. — तुती. तुतीचं आहे ते. कुठून म्हणजे? इथलंच, मागच्या अंगणातलं. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या सदरात ते तुम्हाला साहेब स्वतः दाखवणार आहेत, मी आधी बोलले म्हणू नका.

आता विचारताच आहात तर सांगते. मागे तुतीचं झाड होतं, छपरावर ओणवं झालेलं. हंगामात खाली जांभळा सडा — चपला जांभळ्या, बोटं जांभळी, एकदा तर बँकेचा चेक जांभळा झाला आणि परत आला. त्याच्याखाली मी आणि आमचे अकाउंटंट डबा खायचो. बाकीचे आत पंख्याखाली, आम्ही दोघं बाहेर. तसं काही नव्हतं हो! त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि माझं लग्न — ते जमवायला निघालेलेच एकेक करून वर गेले. दोघांनाही घरी जाऊन बोलायला फारसं कुणी नाही, म्हणून दुपारी बोलायचो. ते तरी कुठे बोलायचे! मी बोलायचे, ते तुती निवडून माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायचे. पिकलेल्या मला, आंबट त्यांना.

तर तुमचा पुरस्कार निघाला. छपरावर सौर पॅनेल लावले की भरपूर गुण. आणि झाडाची सावली नेमकी पॅनेलवर. साहेबांनी नियम उलटेपालटे करून वाचले — उभ्या झाडाला काही गुण आहेत का? नाहीत. कुंडीला आहेत. मग काय, सकाळी कुऱ्हाडवाले हजर. आणि आमचे अकाउंटंट — ज्यांनी जन्मात कधी कुणाला ‘चहा गार आहे’ असंसुद्धा म्हटलं नाही — त्यांनी खुर्ची उचलली, फाइली उचलल्या, बुंध्याला टेकून बसले आणि बेरजा करायला लागले! सगळं ऑफिस खिडक्यांत. साहेब धावत खाली, ‘हे काय चाललंय?’ तर हे म्हणाले, ‘काम.’ बास, एवढंच.

मी? मी कुठे जाणार, फोन सोडून! जेवायची वेळ झाली, डबा घेतला आणि रोजच्यासारखी शेजारी जाऊन बसले. ‘बाई, तुम्हीसुद्धा?’ म्हटलं, ‘जेवायची सुट्टी आहे, साहेब.’ आणि डबा उघडला. कुऱ्हाडवाले बिचारे आमच्याच सावलीत जेवले, लवंडले आणि ऊन उतरल्यावर निघून गेले. जिंकलो की आम्ही! त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात गाणं गुणगुणत होते. या वयात!

मग मधे सुट्टी आली. सुट्टीच्या दिवशी झाडाला कोण टेकून बसणार? कामावर आलो तर अंगणात नुसतं ऊन. आता गंमत बघा — सावली गेली, आत भट्टी झाली, म्हणून एसी आणले. ते पॅनेलच्या विजेवर चालतात. म्हणजे सूर्यानंच तापवायचं आणि सूर्यानंच गार करायचं, मधे आपण टाळ्या वाजवायच्या! त्यांच्या टेबलावर तर थेट उजेड, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा दिसेना. थोडा वेळ चष्मा पुसत बसले. मग उठून राजीनामा दिला. तोही अर्ध्या कागदावर — कागद वाचवला, त्याचे गुण मिळतात का हो?

आता भावाकडे चाललेत, त्याची रोपवाटिका आहे. परवा निघणार. काल फाटकापाशी थांबले होते, मला म्हणाले, ‘तिकडे जागा पुष्कळ आहे. तुम्ही येता का?’ — असं, स्टेशनपर्यंत येता का विचारावं तसं. आणि मी? म्हटलं, मला टपाल टाकायचंय, आणि टपाल हातात घेऊन चक्क उलट्या दिशेला चालायला लागले. वेडी आहे मी. घरी आई नाही, बाप नाही, कुणाला विचारायचंय म्हणून थांबलेय? आरशाला?… आणि हे मी तुम्हाला का सांगतेय? तुमच्या पर्यावरणाशी याचा काय संबंध!

— थांबा, फोन. हो साहेब. हो, आलेत. नाही, बसवलंय मी त्यांना. हो हो, सगळं छान छानच सांगितलं. — जा, बोलावलंय. समोरचं दार. आणि हे बघा, झाडाचं लिहायचं तर खुशाल लिहा, माझं नाव घातलंत तरी चालेल. फाटकाचं मात्र विसरा. त्याचं उत्तर मी अजून त्यांनाच दिलेलं नाही. — जा ना आता, उभे काय राहिलात!