माळ्यावरचा डबा

सिल्लोडच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं एक नवरा-बायको उभे होते.

"अहो, घड्याळ बघून बस लवकर येत नसती."

"तेवढ्यात भंगारवाल्यानं दुसऱ्याला दिले तर? बाबांच्या ॲम्बेसिडरचे शाफ्टचे क्रॉस आता कुणीच बनवत नाय. लई दुकानं फिरलो."

"त्याच्याकडं कुठून आले?"

"दिवाळीत इथूनच भंगारात आले म्हणं. दोन हायेत, नवेकोरे. बिस्किटाच्या निळ्या डब्यात, तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेले."

"निळ्या?"

"व्हय. का?"

"मामंजी गेल्यावर दिवाळीत माळा तुम्हीच रिकामा केला ना?"

"मग?"

"झाकणावर कुणाचं नाव लिहिलंय का, विचारा."

"हॅलो, भाईजान, वो डब्बे के ढक्कन पे किसी का नाम लिखेला है क्या?... अच्छा."

"काय म्हणाला?"

"माझं."