सलमाआपांची टोपडी

इम्रानभाई, आणि आपल्या इमारतीतल्या सगळ्यांनो,

पार्किंगमध्ये जागा कमी आहे, तरी सगळे आलात. मला बोलायला सांगितलंय. अशा वेळी मला बोलता येत नाही. तरी बोलते.

आपल्या तळमजल्यावर शिलाईकाम करणाऱ्या सलमाआपा डेंगीनं गेल्या. हवामान आणि साथी यांचा संबंध तपासणं हे माझं काम. आपांच्या लेखी त्याचा उपयोग एकच. जिन्यात अडवून विचारायच्या, "काय गं शास्त्रज्ञ, कपडे वाळतील का आज?"

एकदा मी त्यांना म्हटलं, आपा, मुसळधार पावसापेक्षा मधली उघडीप वाईट. जोराचा पाऊस बाहेरच्या डबक्यांतल्या अळ्या वाहून नेतो. उघडिपीत हवा उबदार आणि दमट राहते, डास झपाट्यानं वाढतात. आणि हा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड. घरोघरी पिंपं भरलेली.

आपांनी ऐकून घेतलं. मग उरल्यासुरल्या कापडाची, इलॅस्टिक लावलेली टोपडी शिवली. बाळाला घालतात तशी. प्रत्येक पिंपाला एक. जोशीकाका म्हणाले, "अहो, पिंपाचं बारसं आहे का?" आपा म्हणाल्या, "तुम्ही टोपडं घाला. पेढे मी आणते."

यंदा लख्ख उघडीप आली. आणि आपण काय केलं? टोपडी मळली होती, ती धुतली. सगळ्यांनी, त्याच उन्हात. गच्चीवर वाळत घातली. मग रोज एखादी सर यायची. टोपडी ओलीच. पिंपं उघडीच.

काल इम्रानभाईंनी मला विचारलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. माझी आई गेली. कुणाचं पिंप होतं, सांगा." तेव्हापासून आपण एकमेकांच्या मोरीत डोकावतोय.

इम्रानभाई, उत्तर सगळ्यांसमोर देते. सांगता येत नाही. आज नाही, पुढेही नाही. तो डास या इमारतीतला होता, एवढंही मला खात्रीनं म्हणता येणार नाही. हवा त्याला हवी तशी होती. पिंपं उघडी होती. सगळ्यांची. आपांचंसुद्धा.

याहून जास्त मला माहीत नाही. माहीत नाही त्याला मी कुणाचं नाव देणार नाही.

मला त्यांची आठवण येते. फार येते.

आता थोडा वेळ शांत उभे राहू या. डोळे मिटा. उघडाल तेव्हा शेजाऱ्याकडे तशा संशयानं बघू नका.