दोघांपुरती गाडी

भूमच्या स्टँडवर एक म्हातारे गृहस्थ आणि कॉलेजची एक मुलगी एकाच मोबाइलात डोकं घालून बसले होते.

“मामा, ती जुनी स्पोर्ट्स कार परत आली बघा!”

“तोंडवळा तोच हाय. पर आवाज कुठं गेला हिचा?”

“बॅटरीवर चालते ना.”

“मग मुकीच म्हन की. हिचं चित्र म्या कपाटाला चिकटवलं व्हतं.”

“मला लई आवडली. पण दोनच शिटं? बाकीच्यांनी कुठं बसायचं?”

“आमची ही म्हनायची, दोघांला बास हाय.”

परंड्याची एसटी लागली. मामांनी खिडकीतून आधी टॉवेल टाकला, मग शेजारच्या सीटवर पिशवी.

“दोन जागा? मामी कुठं हायत?”

“ती गेली की गं. हाताची सवय जाईना बघ. बस तू.”