मुकम्मल भिंत

समारंभाचे अध्यक्ष माननीय माणिकराव देशमुख, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते तहसीलदार आणि गावचे दिवे-नाल्या सांभाळणाऱ्या आपल्या बलदियेचे प्रमुख, सदर जनाब मकबूल अहमद साहेब, व्यासपीठावरील इतर थोर मंडळी, आणि खालच्या गल्लीतून पायी आलेल्या माझ्या मायबहिणींनो व बांधवांनो,

निरोपाचं भाषण दरवेळी माझ्याकडेच येतं. मी फार चांगलं बोलतो म्हणून नव्हे. बंद गळ्याचा कोट गल्लीत माझ्या एकट्याकडे आहे म्हणून. याच कोटात मी किती साहेबांना निरोप दिले, ते आता मला आठवतही नाही. प्रत्येकाला सांगितलं, तुमच्यासारखे तुम्हीच. खरं सांगू? थकलो. साहेब बदलतात, हाराची फुलं बदलतात, बलदियेचा कारभार आहे तसाच राहतो. रस्त्यावरचा कंदील अमावास्येला विझलेला, आणि पौर्णिमेला मात्र न चुकता जळतो. नालीतला गाळ काढून नालीच्याच काठावर ठेवतात, म्हणजे पहिल्या सरीला तो बिचारा आपल्या घरी परत जातो. याबद्दल मी बोलायचो, भांडायचोसुद्धा. आता ऐकणाऱ्यालाही कंटाळा येतो आणि मलाही.

पण मकबूल साहेबांबद्दल असं म्हणता येणार नाही. साहेब नवे आले तेव्हा गल्लीत स्वतः आले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि तकलीफ काय ते विचारलं. असं आधी कोणी विचारलं होतं का? आम्ही हात जोडून म्हणालो, साहेब, आमच्या गल्लीतला आड पडलाय, तो बांधून द्या. साहेब म्हणाले, जरूर. आणि अध्यक्ष महाराज, बलदियेच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली. आठवड्याच्या आत गवंडी आले.

त्यांनी पडलेल्या आडात दगडमाती ढकलली. आम्हाला वाटलं, आधी बुजवून मग नीट खणतील. आडाचे घडीव दगड निवडून त्यांनी भिंत धरली. आम्हाला वाटलं, कठडा बांधतायत. शहाण्या माणसांच्या कामात कशाला बोलायचं, म्हणून आम्ही त्यांना चहा देत राहिलो. भिंत पुरुषभर उंच झाली, तिला चुना लागला, गवंडी सामान आवरून गेले, आणि आम्ही खणणाऱ्यांची वाट पाहत बसलो.

साहेब भिंत बघायला आले तेव्हा खूश होते. कुणाची बोलायची हिंमत होईना. शेवटी ज्यांचं दार आडाला लागून, त्या सखुबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "सायेब, भिंत लई चांगली हाये. पन आमी शेंदावं कुठून?"

साहेबांना 'शेंदणं' कळेना. सखुबाईंनी दोन्ही हातांनी हवेतला दोर ओढून दाखवला. साहेब त्यांच्या हातांकडे बघत हळूच म्हणाले, "या अल्ला, आड यानी कुआँ?"

तर मंडळी, आमचा आड पाण्याचा, आणि साहेबांच्या उर्दूत आड म्हणजे आडोसा. त्यांना वाटलं, या गल्लीतल्या बायकांना पडद्याची सोय नाही. आपल्या लेकीसुनांच्या अब्रूसाठी त्यांनी ती भिंत घाईनं बांधून घेतली. सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मला तर तेव्हा रडू आलं होतं, आणि हसूही.

साहेबांनी चूक आपल्या अंगावर घेतली आणि वर लिहिलं. वरून उत्तर आलं, काम मुकम्मल आहे. मुकम्मल म्हणजे पुरं झालेलं. पुऱ्या कामाला पुन्हा हात लावता येत नाही. साहेबांनी परत लिहिलं, परत तेच उत्तर. काम नामुकम्मल असतं, अपुरं असतं, तर त्याची मरम्मत, म्हणजे दुरुस्ती, सदरांच्या अखत्यारीत होती; त्यातच आडही मोकळा करता आला असता. पण भिंत पक्की. गेल्या पावसाळ्यात कयाधू नदीच्या काठची घरं बसली, आमच्या भिंतीचा चुनाही निघाला नाही. बलदियेचं एवढं एकच काम चांगलं व्हावं आणि ते नेमकं हे असावं!

तेव्हापासून बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरतात. सखुबाईंच्या सुनेला दिवस राहिलेत. मागच्या आठवड्यात दरडीवरून ती घागरीसकट घसरली. देवाच्या कृपेनं लेकरू सुखरूप आहे, असं सुईण म्हणते. आता सूनबाई घरात आणि सखुबाई या वयात नदीवर. चैत्रात झिरे आटतील तेव्हा घरात बाळंतीण असेल. तिला पाणी कुठून आणायचं, हे मला कुणी सांगावं.

नवे साहेब येतील. तेही भले असतील. पण त्यांना आड म्हणजे काय हे समजेपर्यंत आणि वरून मुकम्मल येईपर्यंत माझ्यात पुन्हा हा कोट घालायची ताकद उरणार नाही.

मकबूल साहेब, तुमचा चार्ज उद्या दुपारपर्यंत आहे. तुमची मोटार आमच्याच गल्लीवरून जाते. परवा तुम्हीच मला म्हणालात, भिंतीचा एक दगड जरी निखळला असता तरी मी मरम्मत लिहून दिली असती. तो आपोआप निखळायचा नाही, साहेब. सगळे जाणारे साहेब सांगतात की आम्ही तुमची कामं पुरी केली. तुम्ही आमचं काम अपुरं करून जा. एवढं एकच मागणं आहे.

पाहुण्याकडे भर सभेत मागणं मागितलं, हे रीतीला सोडून झालं. जीभ थकली की तिला रीत राहत नाही. ते पोटात घाला. इतका वेळ शांतपणे ऐकलंत, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.

अध्यक्ष महाराज, हार तुमच्या हातानं घालावा. पहार सखुबाईंनी आणली आहे. त्या दाराशी उभ्या आहेत.